दोनशे सतरा क्रमांकाचा बिल्ला

२ एप्रिल २००७. जिवंत : चारशे बारा.
४ एप्रिल २००७. जिवंत : चारशे तीन.

ही मोजदाद झाडांची आहे. सारापिकी नदीच्या काठी, ला सोम्पोपा गावाच्या वरच्या अंगाला, एका परदेशी विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र आहे. केंद्रामागच्या जंगलात शंभर मीटर लांब आणि शंभर मीटर रुंद अशी एक चौकट आखलेली असून तिच्यातल्या प्रत्येक पाल्मितोच्या झाडाला क्रमांक दिलेला आहे. उष्ण प्रदेशातले जंगल आणि तिथली मूळची झाडे शिकण्यासाठी दर जानेवारीत विद्यार्थ्यांची एक तुकडी येते, ईस्टरच्या सणाआधीच्या पवित्र आठवड्यापर्यंत राहते आणि जाण्याआधीच्या सोमवारी ही झाडे मोजून जाते. त्या वर्षीच्या सोमवारी ती चारशे बारा भरली. बुधवारी दुपारपर्यंत त्यांतली नऊ तोडली गेली होती, आणि ती कुठे गेली हे त्या दुपारी अबेलिनो केसादाला कळले होते.

अबेलिनो तेव्हा एकोणसाठ वर्षांचा होता. त्याच्याजवळ कुठली पदवी नव्हती. शाळा तिसरीत सुटली होती. त्याचा बाप डोंगरावरून खाली आला तो जंगल तोडून जमीन करण्यासाठी, आणि मुलाच्या हाती कोयता आला तो त्याच कामासाठी. दर वर्षी पवित्र आठवड्याच्या आधी बापलेक पाल्मितो आणायला जात. पाल्मितो हे माडाच्या जातीचे झाड. त्याच्या शेंड्यात हाताच्या लांबीचा पांढरा, कोवळा गाभा असतो, आणि येशूच्या मरणाच्या आठवड्यात, घरात मांस शिजत नाही तेव्हा, भातात घालायला तोच लागतो. अबेलिनो खोडावर बोटांनी टकटक करून आतला गाभा कोवळा की निबर ते सांगत असे.

१९८५ च्या फेब्रुवारीत रुथबाई नावाच्या एक तरुण प्राध्यापिका गावात आल्या आणि इथली झाडे ओळखणारे कोण आहे म्हणून विचारू लागल्या. लोकांनी अबेलिनोकडे बोट दाखवले. तो त्यांना घेऊन सकाळभर हिंडला. एकसष्ट झाडांची नावे, फुलण्याचे महिने आणि उपयोग त्याने सांगितले. बासष्टाव्या झाडापाशी तो थांबला, साल खरवडून हुंगली, आणि म्हणाला, "हे मला माहीत नाही, बाई."

रुथबाईंनी वही मिटली. "उद्यापासून येता का?"

पुढे प्रत्येक नव्या तुकडीला बाई ही हकिकत सांगत. "या झाडाची तीन नावं तीन माणसांनी मला आधी सांगितली होती. तिघांनीही जागच्या जागी रचलेली. माहीत नाही म्हणणारा हा एकटा भेटला." विद्यार्थी हसत, अबेलिनोही हसे. पण त्या तीन माणसांना खोटारडे म्हणणे त्याला कधी पटले नाही. ला सोम्पोपात कुणाच्या तोंडावर नाही म्हणत नाहीत. रस्ता ठाऊक नसला तरी वाट विचारणाऱ्याला हात दाखवून मोकळे होतात. यायचे नसले तरी 'येतो की' म्हणतात. समोरच्याचा चेहरा पडू नये, एवढाच त्यातला हेतू असतो. अबेलिनोही त्याच मातीचा होता. फक्त झाडांच्या बाबतीत तो या रीतीबाहेर राहिला होता आणि त्याच्या आयुष्याची सगळी प्रतिष्ठा त्या एका अपवादावर उभी होती.

बावीस वर्षांत बावीस तुकड्या त्याच्या हाताखालून गेल्या. थंड देशांतून आलेली, विशीतली मुले-मुली, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली. पहिल्या दिवशी तो त्यांना चौकटीत नेई, प्रत्येकाचा हात धरून पाल्मितोच्या खोडावर ठेवी आणि म्हणे, "याला एकच डोकं. केळीसारखं बाजूने फुटत नाही. डोकं गेलं की झाड गेलं. तेव्हा इथे हात लावायचा तो एवढाच." मुले ते वाक्य वहीत लिहून घेत. ज्याने लहानपणी अशी शेकडो डोकी उतरवली होती त्याच्या तोंडून ते वाक्य यावे, यात रुथबाईंना जो पालट दिसे तो त्यालाही दिसे. आणि ते त्याला आवडे.

चौकटीच्या कामात त्याला जोडीदार होता दिओनिसिओ पिलार्ते. सगळे त्याला निचो म्हणत. अठ्ठ्याण्णवच्या वादळानंतर तो सरहद्दीवरची सान हुआन नदी ओलांडून निकाराग्वातून इकडे आला, आणि केंद्रावर पायवाटा साफ ठेवण्याच्या कामाला लागला. गावात अशा माणसांना 'पलीकडचे' म्हणतात. झाडांना बिल्ले बांधायचे काम दोघांनी मिळून केले होते. अबेलिनो बिल्ल्यावर क्रमांक ठोके आणि निचो तारेने तो खोडाला बांधे. खोड वाढले तर तार रुतू नये म्हणून तो सैल फास ठेवी आणि टोकाला डावीकडे तीन पीळ देई. तशी गाठ दुसरे कुणी मारत नसे.

"दादा, माझ्या गाठीवरनं मला मेल्यावरसुद्धा ओळखाल तुम्ही," निचो म्हणायचा.

"तू मेल्यावर मी कशाला जंगलात येऊ? वाटेवरचं गवत कोण काढणार?"

अशी नऊ वर्षे गेली होती.

पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी आणि शुक्रवारी बस धावत नाही, म्हणून तुकडी बुधवारी दुपारच्या बसने निघायची होती. निरोपाचे जेवण दर वर्षी अबेलिनोची बायको ओदिलिए करी. त्या वर्षी तिने ठरवले की मुलांना सणाचे जेवण घालायचे. पाल्मितो घातलेला भात, मक्याच्या भाकऱ्या आणि चिवेर्रे भोपळ्याचा गूळ घालून केलेला मुरांबा. पाल्मितो आणायला तिने आपला भाऊ विल्बेर्त याला सांगितले. विल्बेर्तकडे पेहिबायेची लागवड होती. ते झाड लावणीचे आहे, बुंध्याशी पुन्हा फुटते, आणि त्याचाही गाभा खातात. अबेलिनोने बायकोला बजावले होते, "बागेतलाच आणायला सांग." तिने तसे सांगितलेही होते.

बुधवारी सकाळी विल्बेर्त पोते खांद्यावर टाकून स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने आला.

"ताई, हे घे. तुझ्या परदेशी पाखरांना खाऊ."

"एवढा? अरे, गावजेवण आहे का?"

"खाऊ देत गं. तिकडे जाऊन डब्यातलंच खायचं आहे त्यांना."

जेवायला बसल्यावर पहिला घास अबेलिनोने घेतला. बागेतला गाभा पिवळसर आणि गोड असतो, दाताखाली मऊ पडतो. हा पांढरा होता, किंचित कडसर होता, आणि त्याला ओल्या लाकडाचा जो वास होता तो अबेलिनोला वयाच्या सातव्या वर्षापासून माहीत होता. घास तोंडातच राहिला. समोर नोरा नावाची विद्यार्थिनी बसली होती. दहा आठवडे रोज चौकटीत गुडघ्यांवर बसून तिने पाल्मितोची रोपे मोजली होती. तिचा सगळा प्रबंध त्या झाडावर होता. ती दुसऱ्यांदा वाढून घेत होती.

"काका, मी इतके दिवस याचं पान मोजलं, चव आज कळली," नोरा म्हणाली. मग तिला शंका आली. "म्हणजे हा तो नव्हे ना?"

टेबलाच्या टोकावरून रुथबाईंनी मान वर केली. "लागवडीचा आहे ना, अबेलिनो?"

सगळी तुकडी त्याच्याकडे पाहत होती. निघायला तास राहिला होता. ओदिलिए पहाटेपासून चुलीशी उभी होती आणि आता एप्रनला हात पुसत दारात येऊन ऐकत होती.

"हो बाई," अबेलिनो म्हणाला. "मेव्हण्याच्या बागेतला."

आणि तोंडातला घास त्याने गिळला.

मुले गाणी म्हणत बसमध्ये चढली. तो स्वयंपाकघरामागे गेला. रिकामे पोते चुलीजवळ पडले होते. त्याचे तोंड तारेने आवळलेले होते आणि ती सोडायचा कंटाळा करून ओदिलिएने पोते मधूनच फाडले होते. तारेला अॅल्युमिनियमचा बिल्ला लोंबत होता. दोनशे सतरा. तारेच्या टोकाला डावीकडे तीन पीळ होते.

विल्बेर्त घरी झोपाळ्यात पडला होता. बिल्ला पाहून त्याला राग आला नाही, भीतीही वाटली नाही. तो ओशाळला.

"दाजी, अंधारात नंबर कोण बघतो? पोतं बांधायला तार हवी होती."

"बागेतला सांगितला होता."

"बागेतल्याला कीड लागली. आणि पाहुण्यांच्या पुढ्यात बागेतला ठेवायचा? पवित्र आठवड्यात? तुम्हीच सांगा, तुमच्या वडिलांनी कधी ठेवला असता? ताईचं नाक राहावं म्हणून मी रात्रीचा नदीकाठच्या कोपऱ्यात गेलो. चारशे आहेत म्हणता. त्यातली नऊ."

अबेलिनो बिल्ला घेऊन परत फिरला. घरी आल्यावर ओदिलिए म्हणाली, "मुलं खूश होऊन गेली हो. ती उंच पोरगी तर माझ्या गळ्यात पडली." बिल्ला त्याने सदऱ्याच्या खिशात ठेवला.

सणानंतरच्या मंगळवारी रुथबाईंना नदीकाठच्या कोपऱ्यात बुंधे दिसले. पडलेल्या खोडांवर आठ बिल्ले सापडले. नववा सापडला नाही. केंद्राच्या व्यवस्थापकाने सांगितले की सणाआधीच्या मंगळवारी संध्याकाळी निचोला खांद्यावर पोते घेऊन त्या बाजूच्या वाटेने उतरताना त्याने स्वतः पाहिले होते.

त्या पोत्यात काय होते हे अबेलिनोला माहीत होते. पुलावरच्या कुजलेल्या फळ्या बदलल्या होत्या, आणि "जुनी लाकडं चुलीला ने" असे निचोला त्यानेच सांगितले होते.

जेवणघरात चौघे बसले. रुथबाई, व्यवस्थापक, अबेलिनो, आणि दाराजवळच्या बाकावर निचो. निचो म्हणाला, "लाकडं होती, बाई. पुलावरची." व्यवस्थापक म्हणाला, "लाकडं सगळेच म्हणतात." बाईंना त्या माणसाला चोर म्हणायचे नव्हते. पण बावीस वर्षांच्या कामाला एका कोपऱ्यात भोक पडले होते आणि त्या थकल्या होत्या. त्या अबेलिनोकडे वळल्या.

"तुम्ही नऊ वर्षं याच्याबरोबर काम केलंय. हा असं करील?"

उत्तर सोपे होते. लाकडे मी दिली, एवढे म्हटले असते तरी पुरे होते. पण त्या वाक्यामागून लगेच दुसरा प्रश्न आला असता, मग कोणी? त्यामागून विल्बेर्त आला असता, ओदिलिएची चूल आली असती, नोराच्या ताटातला भात आला असता, आणि शेवटी 'हो बाई, बागेतला' हे त्याचे स्वतःचे शब्द आले असते. हा सगळा हिशेब त्याच्या मनात एका श्वासात झाला. बिल्ला खिशात होता. त्याची कड छातीला लागत होती.

"बाई," तो म्हणाला, "माणसाचं काय सांगावं."

हे खोटे नव्हते. गावात ज्याला कुणाचा चेहरा पाडायचा नसतो तो असेच बोलतो, आणि ऐकणाराही त्यातून हवे ते घेतो. अबेलिनोने अशी वाक्ये आयुष्यभर ऐकली होती आणि त्यांचे काय होते हे त्याला ठाऊक होते. व्यवस्थापकाने मान डोलावली. बाईंनी डोळे मिटले.

निचो उठला. केंद्राचा कोयता त्याने कमरेचा सोडला, पाते पँटला पुसले आणि टेबलावर मूठ बाईंकडे करून ठेवला. जाताना त्याने अबेलिनोच्या तोंडाकडे पाहिले. डोळ्यांकडे पाहिले नाही. ओठांकडे पाहिले, जणू तिथून अजून काही यायचे आहे.

संध्याकाळी निचो मिरेयाच्या दुकानात मीठ आणि मेणबत्त्या घ्यायला गेला. मिरेया ही दुकानाची मालकीण. गावातले लोक दिवस संपल्यावर तिच्या फळीला टेकून उभे राहतात. बातमी त्याच्याआधी पोचली होती.

"काय निचो, सण गोड गेला ना?"

"पुढल्या वर्षी दोन गाभे आमच्यासाठी ठेव बरं!"

"अरे, पलीकडची झाडं संपवून आलेत, आता इकडची."

विल्बेर्त तिथेच होता. तो हसला, पण हसू अर्ध्यात तुटले, आणि तो खाली पाहून चपलेने माती उकरू लागला. अबेलिनो रस्त्यावर उभा होता. आत गेला नाही. निचोने मीठ घेतले, मेणबत्त्या राहू दिल्या, आणि महिन्याच्या आत बायकामुलांना घेऊन अननसाच्या मळ्यांकडे निघून गेला.

पुढच्या जानेवारीत नवी तुकडी आली. अबेलिनोने एका मुलाचा हात खोडावर ठेवला आणि म्हणाला, "याला एकच डोकं." त्यापुढे त्याला काही आठवेना. मुलाला वाटले, म्हातारा भावुक झाला आहे. त्याने ते तसे वहीत लिहिले.

माणसाची लाज पहिल्या वर्षी आग असते, असे म्हणण्याची पद्धत आहे. अबेलिनोच्या बाबतीत तसे झाले नाही. पहिल्या वर्षी त्याच्याकडे कारणे होती. कारणे एकेक करून झिजली आणि लाज नंतर उघडी पडत गेली. निचोच्या जागी आलेला माणूस तार घट्ट बांधी. दोन वर्षांत ती खोडात रुतली. ती अबेलिनो एकटा बसून सोडवी. ओदिलिएला त्याने तिसऱ्या वर्षी सांगितले. ती खूप वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "माझा भाऊ आहे हो तो. आणि आता सांगून निचोचं काय परत येणार?" पवित्र आठवड्यात त्या घरात पाल्मितो शिजेनासा झाला, एवढाच काय तो बदल.

२०१३ च्या मार्चमध्ये विद्यापीठाने त्याच्या अठ्ठावीस वर्षांच्या कामाचा सत्कार ठरवला. चौकटीच्या तोंडाशी एक बाक केला होता, त्याच्या नावाचा. जुने विद्यार्थी आले होते. नोराही आली होती. ती आता रुथबाईंच्या हाताखाली त्याच अभ्यासक्रमात शिकवत होती. बासष्टाव्या झाडाची गोष्ट तिनेच सांगितली. "या माणसाने मला शिकवलं, की माहीत नाही म्हणायला लाजू नये." टाळ्या झाल्या. अबेलिनो उठला, खिशातून बिल्ला काढला आणि बाकावर ठेवला.

त्याने सगळे सांगितले. मेव्हण्याचे नाव घेतले नाही, 'घरच्या माणसाने' म्हणाला. बाकी काही राखले नाही. पहिला घास, 'हो बाई', पुलावरची लाकडे, जेवणघरातले ते वाक्य.

नंतर जे झाले त्याची त्याला कल्पना नव्हती. मुले रडू लागली. नोरा पुढे आली आणि तिने त्याचे दोन्ही हात धरले. "काका, सहा वर्षं हे मनात घेऊन जगलात! केवढं धैर्य लागतं हे बोलायला." एक मुलगा म्हणाला, यातून आपल्याला स्थानिक माणूस आणि संशोधन यांच्या नात्याबद्दल किती शिकायला मिळालं. दुसऱ्याने वही काढली. अबेलिनोला वाटले, आपण ओंजळीत घाण घेऊन आलो आणि ती यांनी प्रसादासारखी वाटून घेतली. ज्यांचे त्याने काही बिघडवले नव्हते त्यांनी त्याला क्षमा केली होती. इतक्या सहज, की ती परत करायलाही जागा नव्हती.

रुथबाई मात्र उठल्या नाहीत. सगळे पांगल्यावर त्या त्याच्याजवळ बाकावर बसल्या.

"त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं. निचो समोर बसला होता, त्याने उत्तर दिलं होतं. तरी मी तुम्हाला विचारलं. का, ते मला चांगलं ठाऊक आहे. त्याला मी पत्र लिहीन, केंद्राच्या शिक्क्याचं. माझी चूक मी फेडायला बघीन. तुमची मला फेडता येणार नाही, अबेलिनो."

"नाही, बाई."

त्या महिन्यातल्या एका रविवारी तो दोन बस बदलून निचोच्या घरी गेला. अननसाच्या ओळींच्या कडेला पत्र्याची वसाहत होती. निचोचे केस पांढरे झाले होते आणि बोटांची कातडी औषधांनी पांढुरकी, चिरलेली होती.

"या, दादा. बसा. कॉफी टाकतो. साखर चालते ना अजून?"

अबेलिनो बसला. तो पावसाबद्दल बोलला. नदीवरच्या नव्या पुलाबद्दल बोलला. निचोच्या थोरल्या मुलीचे लग्न झाले का ते विचारले. कॉफी संपली. निचोने कप उचलले नाहीत. वाट पाहत बसला. मग अबेलिनोने बिल्ला टेबलावर ठेवला.

निचोने तो तारेला धरून उचलला, टोकाचे पीळ अंगठ्याने चाचपले. "गाठ माझीच."

अबेलिनोने सांगायला सुरुवात केली. निचोने त्याला मध्येच थांबवले.

"माहीत आहे, दादा. बुधवारी पहाटे मी वाटेवर होतो. विल्बेर्त पोतं घेऊन खाली उतरत होता. म्हणाला, बागेतला आहे. बाग तर नदीच्या खालच्या अंगाला. पोत्याच्या फटीतून सालही मी पाहिली, ती जंगलातलीच."

अबेलिनोने मान वर केली. "मग तू... तू का नाही बोललास?"

"मी? तुमच्या मेव्हण्याविरुद्ध, मी?" निचो हसला. त्या हसण्यात विखार नव्हता, म्हणून ते ऐकवेना. "मी म्हटलं, दादांना ठाऊक आहे. लाकडं त्यांनीच दिलीत. आत्ता बोलतील. सगळा वेळ तुमच्या तोंडाकडे बघत होतो."

बाहेर कुणाचा तरी रेडिओ चालू होता.

"मला माफ कर, निचो."

"बरं केलंत आलात. बाईंचं पत्रही आलं. चांगलं पत्र आहे, मुलीने वाचून दाखवलं." त्याने भिंतीकडे मान केली; पत्र प्लास्टिकमध्ये घालून खिळ्याला लावले होते. "पण त्याचं मी काय करू? ते घेऊन मिरेयाच्या दुकानाच्या दारात उभा राहू आणि मोठ्याने वाचू? माझी बहीण अजून सोम्पोपात आहे. तिची पोरं शाळेत गेली की त्यांना विचारतात, तुमचा मामा पाल्मितोवाला ना? इथे मला चोर कुणी म्हणत नाही, दादा. इथे माफी मागून काय होणार? मला चोर म्हणाले ते मिरेयाच्या फळीपाशी. सगळ्यांसमोर. तिथे सांगा."

त्याने बिल्ला परत अबेलिनोच्या पुढ्यात सरकवला. "आणि हा तिथे ठेवा. गाठ सगळे ओळखतील."

"सांगतो," अबेलिनो म्हणाला.

निचोने त्याच्याकडे पाहिले. 'येतो की' म्हणणारी माणसे त्यानेही या देशात पुष्कळ पाहिली होती.

पुढच्या शनिवारी अबेलिनो दुकानात गेला. फळीपाशी पाच-सहा माणसे होती. विल्बेर्त होता, आदल्या वर्षी त्याच्या पायाची शस्त्रक्रिया झाली होती, तो कुबडीवर टेकला होता. "या, दाजी, या!" म्हणत त्याने जागा करून दिली.

"काय देऊ?" मिरेयाने विचारले.

अबेलिनोने खिशात हात घातला. बिल्ल्याची कड बोटांना लागली. सगळे त्याच्याकडे पाहत होते, सहज, रोजच्यासारखे, आपल्या माणसाकडे पाहावे तसे. ते पाहणे पुन्हा कधी तसे राहणार नव्हते, हे त्याला कळत होते; निचोकडे पाहणे कसे बदलले तेही त्याने रस्त्यावर उभे राहून पाहिले होते. त्याने दोन्ही गोष्टी समोरासमोर ठेवल्या, आणि त्यांतली निचोचीच जड आहे याबद्दल त्याच्या मनात क्षणभरही शंका नव्हती.

"मीठ," तो म्हणाला. "एक पिशवी."

"परवाच नेलंत ना, काका?"

"संपलं."

ओदिलिएने मिठाची ती पिशवी फडताळात ठेवली. तिच्याशेजारी पुढच्या शनिवारची आली. काही महिन्यांनी फडताळात जागा उरली नाही, तेव्हा ती शेजाऱ्यांना वाटू लागली. का, ते तिने कधी विचारले नाही, आणि त्यानेही सांगितले नाही.

२१ मार्च २०१६. जिवंत : चारशे अठरा. नदीकाठच्या कोपऱ्यात आपोआप रुजलेली रोपे आता माणसाच्या उंचीची झाली आहेत आणि त्यांना नवे क्रमांक दिले आहेत. दोनशे सतरा हा क्रमांक पुन्हा कुणाला दिलेला नाही. मोजणी नोराने केली. अबेलिनो अडुसष्ट वर्षांचा आहे. मिरेयाचे दुकान त्याच्या घरापासून चारशे पावलांवर आहे आणि तो दर शनिवारी तिथे जातो. बिल्ला खिशात असतो. ती झाडे निचो पिलार्तेने तोडली नाहीत, हे वाक्य त्या दुकानात अजून कुणी बोललेले नाही.